कुत्र्याचे डोळे आणि चेहरा घरी कसे स्वच्छ करावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याच्या डोळ्यांच्या बाबतीत घराघरांत दोन टोकं दिसतात. काही जण डोळ्यांच्या आसपास हातच लावत नाहीत, चिपडं वाळून केसांचा गठ्ठा झाला तरी. काही जण मात्र रोज काही ना काही डोळ्यात घालत राहतात. खालची उत्तरं दोघांसाठी आहेत. डोळा स्वतःची सफाई स्वतः करतो. आपल्या वाट्याला येतात ते भोवतालचे केस आणि कातडी, आणि पुसता पुसता नीट बघणं.

रोज सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात चिपडं दिसतात. काळजी करायची का?

थोडीशी, पारदर्शक किंवा तपकिरी, वाळलेली चिपडं दोन्ही डोळ्यांत सारखीच असतील आणि डोळा पूर्ण उघडा, चमकदार असेल तर काळजीचं कारण नाही. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर कायम असतो. त्यात आत चिकट श्लेष्मा, मध्ये पाणी आणि वर तेलकट पदार्थ असतो. हे तेल पापणीच्या कडेवरच्या बारीक ग्रंथींतून येतं आणि पाणी लवकर उडू देत नाही. पापणी मिटली की धूळ आणि मेलेल्या पेशी आतल्या कोपऱ्याकडे ढकलल्या जातात आणि रात्रभरात तिथेच वाळतात. सकाळी दिसतं ते हेच.

आपल्या कुत्र्याचं 'नेहमीचं' काय आहे, हे मात्र तुम्हाला माहीत असायला हवं. त्यासाठी एक साधी सवय लावून घ्या: पुसलेला कापूस टाकण्याआधी एकदा उजेडात बघा. रंग बदललाय का, प्रमाण वाढलंय का, एकाच डोळ्यातून जास्त येतंय का? डोळ्याचं दुखणं बरेचदा असं कापसावर आधी दिसतं.

सफाईसाठी काय काय लागतं?

निर्जंतुक सलाइन, म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी. औषधांच्या दुकानात डोळे किंवा जखमा धुण्यासाठी मिळतं, ते चालतं. त्यात औषध, सुगंध काहीही मिसळलेलं नको. त्याशिवाय गॉजचे तुकडे किंवा तंतू न सुटणारे कापसाचे चपटे पॅड, एक मऊ कोरडा कपडा, बारीक दातांचा कंगवा आणि बक्षीस म्हणून त्याच्या आवडीचा खाऊ.

सुटा कापूस शक्यतो टाळा. त्याचे धागे पापणीत अडकतात आणि मग साफ केलेल्या डोळ्यालाच त्रास होतो. कान कोरायच्या काड्या तर डोळ्याजवळ आणूच नका. कुत्र्याने मान झटकायला क्षणही लागत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्सचं पाणी म्हणजे सलाइन नव्हे, हा गोंधळ फार होतो. लेन्स धुण्याच्या द्रवात जंतुनाशकं असतात, काहींत तर हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. दिसायला दोन्ही पाण्यासारखीच, म्हणून बाटलीवरचं वाचून घ्या.

मीठ घालून सलाइन घरीच बनवलं तर?

माझं मत, नको. प्रमाण सोपं आहे, एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ. पण चमच्याने मोजताना मीठ कमी-जास्त होतं आणि जास्त झालं की डोळा चुरचुरतो. शिवाय घरी केलेलं पाणी निर्जंतुक राहत नाही. डोळ्याबाहेरची कातडी आणि केस पुसायला उकळून गार केलेलं साधं पाणी पुरतं. डोळ्यात जाऊ शकेल अशा कामाला बंद बाटलीतलं सलाइनच वापरा. बाटली उघडल्यावर किती दिवस चालते ते लेबलवर असतं, त्यानंतर ती टाकून द्या. लहान, एकदाच वापरायच्या कुप्या मिळाल्या तर सगळ्यात उत्तम.

पुसायची नेमकी पद्धत कोणती?

आधी जागा ठरवा. उजेड हवा, पाय घसरायला नकोत. लहान कुत्र्याला टेबलावर घेणार असाल तर खाली रबरी चटई घाला आणि एक हात सतत त्याच्या अंगावर राहू द्या. मोठ्याला जमिनीवरच बसवा, पाठ भिंतीकडे करून, म्हणजे तो मागे मागे सरकत जाणार नाही. त्याच्यासमोर उभं राहून वाकू नका, बाजूला बसा. हात साबणाने धुऊन घ्या. नखं वाढली असतील तर आधी ती कापा.

सलाइन गार असेल तर बाटली थोडा वेळ मुठीत धरून कोमट होऊ द्या. पॅड चांगला ओला करा. एक हात त्याच्या हनुवटीखाली, अंगठा गालावर. दुसऱ्या हातातला पॅड बाजूने आणा. समोरून थेट डोळ्याकडे येणारा हात दिसला की कुत्रा दचकतोच. आता पॅड आतल्या कोपऱ्यातल्या चिपडावर नुसता टेकवा. पुसू नका. वीस-तीस सेकंद तसाच धरून ठेवा. वाळलेली खपली सुरुवातीला बोटाला कडक लागते, मग हळूहळू मऊ पडते आणि केसांवरून सुटायला लागते. ती सुटल्याचं जाणवलं की पॅड डोळ्यापासून लांब, केसांच्या दिशेने, एकदाच हलकेच खाली ओढा. तरी काही राहिलं तर पॅडची स्वच्छ बाजू घ्या आणि पुन्हा तेच करा. नखाने खरवडायचं नाही. ओढून काढलेल्या खपलीबरोबर केस आणि कातडीही सोलून निघते आणि पुढच्या वेळी कुत्रा पॅड बघूनच पळतो.

दुसऱ्या डोळ्याला नवीन पॅड. एका डोळ्यात संसर्ग असेल तर तो आपल्याच हाताने दुसऱ्यात जायला नको.

पॅड बुबुळाला कधीही लावायचा नाही. बुबुळावर एखादा केस किंवा धुळीचा कण तरंगताना दिसला तर सलाइनचे काही थेंब डोळ्यात सोडा, उघडझाप झाली की तो बहुतेक वेळा कोपऱ्यात येतो.

शेवटी कोरड्या कपड्याने टिपून घ्या. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. ओले राहिलेले केस आणि ओली कातडी म्हणजे जंतू आणि बुरशी वाढायला आयती जागा. केस लांब असतील तर कोरडे झाल्यावर एकदा कंगवा फिरवा.

किती वेळा करायचं?

बघायचं रोज, पुसायचं गरज असेल तेव्हा. तोंड लांबट आणि केस आखूड असलेल्या कुत्र्यांना बरेचदा आठवड्यातून एक-दोनदाही पुरतं. चपट्या तोंडाच्या, लांब केसांच्या किंवा डोळे सतत पाणावणाऱ्या कुत्र्यांना रोज लागतं.

माझा कुत्रा तोंड फिरवतो, धरलं तर गुरगुरतो. काय करू?

धरून ठेवू नका. आज दोघांनी मिळून दाबून धरलं तर काम होईलही, पण उद्या ते दुप्पट अवघड झालेलं असेल. आणि ज्या दिवशी खरोखर डोळ्यात औषध घालावं लागेल, त्या दिवशी तुमच्याकडे कुत्र्याचा विश्वास शिल्लक नसेल.

गुरगुरणं हा शेवटचा इशारा. त्याआधी कुत्रा बरंच काही सांगून झालेला असतो: ओठ चाटतो, जांभई देतो, मान वळवतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, किंवा अंग एकदम ताठ करून स्तब्ध होतो. यातलं काहीही दिसलं की हात मागे घ्या. गुरगुरल्याबद्दल रागावू तर मुळीच नका. रागावलेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता थेट चावू शकतो.

सवय सुटी सुटी करून लावा. पहिले काही दिवस फक्त हनुवटीखाली तळहात धरा आणि त्याने स्वतःहून हनुवटी टेकवली की खाऊ द्या. मग हनुवटी टेकलेली असताना दुसऱ्या हाताने गालाला स्पर्श, खाऊ. मग कोरडा पॅड दाखवणं, खाऊ. मग गालावर कोरडा पॅड, मग ओला, आणि सगळ्यात शेवटी डोळ्याचा कोपरा. नियम एकच: त्याने हनुवटी उचलली की आपण थांबायचं. आमच्या घरातली कुत्री सुरुवातीला पॅड दिसला की पलंगाखाली जायची. थांबवणं तिच्या हातात आहे हे तिला कळल्यावर तीच येऊन तळहातावर जड हनुवटी टेकवून बसू लागली, आणि मध्ये उचललीच तर थोड्या वेळाने परत ठेवू लागली. चिराग पटेल या प्रशिक्षकांचा 'बकेट गेम' याच तत्त्वावर आहे. त्यात कुत्रा खाऊच्या बादलीकडे बघत असेल तोवर काम चालू ठेवायचं, नजर हटवली की थांबायचं.

एक महत्त्वाचं: आजवर शांतपणे पुसू देणारा कुत्रा अचानक चेहऱ्याला हात लावू देत नसेल, तर तो हट्ट समजू नका. बहुधा काहीतरी दुखत असतं. डोळा, कान किंवा दात तपासून घ्या.

डोळ्यांखाली तांबूस-तपकिरी डाग पडलेत. ते कशाचे?

अश्रूंमध्ये आणि लाळेत पॉर्फिरिन नावाची द्रव्यं असतात. तांबड्या रक्तपेशींमधल्या हिमोग्लोबिनचं विघटन होतं तेव्हा ती तयार होतात. केस सतत ओले राहिले की ही द्रव्यं त्यांवर साचतात आणि उजेडात तांबूस होतात. डाग सगळ्यांनाच पडतात, माल्टीज, पूडल, बिशॉ अशा फिक्या रंगाच्या कुत्र्यांवर ते उठून दिसतात, एवढंच. पंजे चाटणाऱ्या पांढऱ्या कुत्र्याचे पंजे तांबडे होतात तेही यामुळेच.

खरा प्रश्न डागाचा नसून पाणी गालावर का येतंय हा आहे. आतल्या कोपऱ्यात, वरच्या आणि खालच्या पापणीत, एकेक बारीक छिद्र असतं. तिथून अश्रू नळीवाटे नाकात उतरतात. बेसिनचा पाइप तुंबला की पाणी काठावरून वाहतं, तसंच इथे होतं. नळी जन्मतःच बंद असू शकते, सुजेमुळे तुंबू शकते, चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत वाकडी असते. किंवा नळी ठीक असूनही अश्रूच जास्त येत असतात, कारण पापणी आत वळून तिचे केस बुबुळाला घासताहेत, ॲलर्जी आहे किंवा डोळ्याला इजा झाली आहे. म्हणून डाग नवीन असेल किंवा अचानक वाढला असेल तर आधी तपासणी, मग सफाई.

तपासणीत सगळं ठीक निघालं तर काम सोपं आहे. रोज ओल्या पॅडने टिपायचं, कोरडं करायचं, डोळ्यात टोचणारे केस आखूड ठेवायचे. रंगलेला केस पुन्हा पांढरा होत नाही. तो वाढून कापला जाईपर्यंत धीर धरावा लागतो.

डाग घालवणाऱ्या पावडरी खायला देऊ का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अशा काही उत्पादनांत टायलोसिन हे प्रतिजैविक असतं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने ते असलेली, मान्यता नसलेली उत्पादनं विकणाऱ्यांना इशारा दिला होता. नुसत्या दिसण्यासाठी महिनोन्‌महिने प्रतिजैविक देणं म्हणजे जंतूंना त्या औषधाला दाद न देण्याचं शिक्षण देणं. ज्या दिवशी ते औषध खरंच लागेल, त्या दिवशी ते चालणार नाही.

केसांचा रंग उडवायला हायड्रोजन पेरॉक्साइड लावणं तर त्याहून धोक्याचं. एक थेंब डोळ्यात ओघळला तरी बुबुळ भाजतं.

पग, शिह त्झू, बुलडॉग, पेकिनीज यांची वेगळी काळजी घ्यावी लागते का?

हो, आणि इथे जरा जास्त बोलायला हवं.

या कुत्र्यांच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात, त्यामुळे डोळे पुढे आलेले दिसतात. पुष्कळांच्या पापण्या झोपेतही पूर्ण मिटत नाहीत आणि बुबुळाचा मधला भाग कोरडा पडतो. त्यात या जातींच्या बुबुळाला संवेदना कमी असते. दुसरा कुत्रा एवढ्या ओरखड्याने डोळा उघडणार नाही, हे मात्र जखम घेऊन निवांत फिरत असतात. म्हणून रोज उजेडात डोळा बघणं यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. बुबुळावर पांढुरका ठिपका, खळगा किंवा मंदपणा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना.

पुसताना यांचं मानगूट आवळू नका, चेहऱ्याची कातडी मागे ओढू नका. जोराने ओढलं तर डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो. फिरायला नेताना पट्टा गळ्याऐवजी छातीला घालावा, तो यासाठीही. दुर्दैवाने डोळा बाहेर आलाच तर आत ढकलायचा प्रयत्न करू नका. सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज त्यावर ठेवून तो ओला ठेवा, कुत्र्याला पंजा मारू देऊ नका आणि तडक निघा. इथे मिनिटामिनिटाला महत्त्व आहे.

आता घड्या. नाकावरची घडी एका बोटाने हलकेच उघडा आणि आत बघा. निरोगी घडी फिकी, कोरडी आणि बिनवासाची असते. लाल, ओली, आंबूस वासाची, तपकिरी चिकट मळ धरलेली घडी म्हणजे तिथे बुरशी किंवा जंतू वाढलेत. रोजच्या सफाईत ओल्या पॅडने घडी तळापर्यंत पुसा, पुसायची दिशा डोळ्यापासून लांब ठेवा, आणि कोरड्या गॉजने आतली ओल पूर्ण टिपून घ्या. पावडर घालू नका, तिचा ओला गोळा होऊन तो घडीत बसतो. क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाचे पॅड घड्यांसाठी मिळतात आणि उपयोगी असतात, पण ते बुबुळाला इजा करतं. डोळ्याला लागून असलेल्या घडीत ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वापरू नका. घडीतले केस बुबुळाला घासत असतील तर नुसत्या सफाईने भागणार नाही, तेही डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यांवर येणारे केस मी कापू का?

कुत्रा शांत बसत असेल तरच. कात्री गोल टोकांची हवी आणि तिची टोकं डोळ्याच्या दिशेला कधीच नकोत. डोळा आणि कात्री यांच्यामध्ये कंगवा आडवा धरा आणि कंगव्याबाहेर येतील तेवढेच केस कापा. शंका वाटली तर कापू नका, केस वर घेऊन मऊ रबराने सैल बांधा. मिशांना कात्री लावू नका. त्यांच्या मुळाशी भरपूर चेतातंतू असतात आणि जवळच्या वस्तूंचा अंदाज कुत्रा त्यांवरून घेतो.

दाढी, ओठ आणि हनुवटी?

श्नाउझरसारख्या दाढीवाल्यांची दाढी प्रत्येक जेवणानंतर आणि पाणी पिऊन झाल्यावर टिपावी, दिवसातून एकदा विंचरावी. कॉकर स्पॅनिएलसारख्यांच्या खालच्या ओठाला बाजूने घडी असते. तोंडाला वास येतो म्हणून लोक दात तपासत बसतात आणि वास असतो या घडीचा. ओठ खाली ओढून घडी उघडा, पुसा, कोरडी करा. हनुवटीवर पुरळ येत असेल तर प्लास्टिकचं भांडं बदलून स्टीलचं घ्या आणि ते रोज घासा. पुरळ फोडू नका.

अंघोळीत तोंडाला शाम्पू लावावा का?

नको. अंग शाम्पूने धुवा, चेहरा शेवटी ओल्या कपड्याने पुसा. 'डोळ्यांना न झोंबणारा' बाळांचा शाम्पूसुद्धा डोळ्यात राहिला तर त्रास देतोच, आणि झोंबत नाही म्हणजे इजा होत नाही असं नाही. चुकून गेलाच तर लगेच भरपूर कोमट पाण्याने किंवा सलाइनने डोळा धुवा. त्यानंतरही तो डोळा मिटून ठेवत असेल तर दवाखान्यात न्या. अंघोळीनंतर ड्रायरची गरम हवा चेहऱ्यावर सोडू नका.

माणसांचे डोळ्यांचे थेंब चालतील का?

घरात पडलेले थेंब, कुठलेही, नकोत. डोळ्यांची लाली घालवणाऱ्या काही थेंबांत टेट्राहायड्रोझोलिनसारखी औषधं असतात. ती पोटात गेली तर कुत्र्याला विषबाधा होते आणि डोळ्यातून ओघळलेलं सगळं कुत्रा चाटतोच. स्टेरॉइड असलेले थेंब त्याहून वाईट. बुबुळावर जखम असताना ते पडले तर जखम भरत नाही, उलट खोल जाते. म्हणूनच डॉक्टर आधी फ्लुरोसीन नावाचा रंग डोळ्यात घालतात. जखम असेल तिथे तो हिरवा चमकतो, आणि मग औषध ठरतं. गेल्या वर्षीची उरलेली कुत्र्याचीच बाटली असली तरी तेच. लाल डोळा दिसायला सारखा असला तरी कारण वेगळं असू शकतं.

चहाचं पाणी, मध, तेल, व्हिनेगर?

यातलं काहीही डोळ्यात नको. टी ट्री ऑइल तर चेहऱ्याच्या आसपासही नको, ते चाटण्यातून आणि कातडीतूनही विषारी ठरतं.

कोणत्या लक्षणांवर घरची सफाई थांबवून डॉक्टरांकडे जायचं?

डोळा मिटून ठेवणं किंवा किलकिला करणं, हे सगळ्यात आधी. त्याचा अर्थ डोळा दुखतोय आणि त्यासाठी उद्यापर्यंत थांबायचं नाही. बुबुळ धुरकट, निळसर किंवा पांढरं दिसणं, डोळा मोठा आणि ताणलेला वाटणं, पांढरा भाग लालभडक होणं, दोन बाहुल्यांचा आकार वेगवेगळा दिसणं, अचानक वस्तूंना धडकणं, डोळ्यातून रक्त येणं, हेही त्याच दिवसाचं काम. काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि काही तासांत दृष्टी कायमची जाऊ शकते.

पिवळी-हिरवी, दाट चिपडं, पंज्याने किंवा गालिचावर डोळा सतत चोळणं, पापणीची सूज, यांना एखाद्या दिवसाहून जास्त वेळ देऊ नका. जाताना डोळा चकाचक पुसून नेऊ नका. चिपडं कशी दिसतात हे डॉक्टरांनाही बघू द्या, निदान पुसण्याआधी फोटो काढा. आणि कुत्रा डोळा चोळत असेल तर गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घाला. त्याला ती आवडत नाही हे खरं, पण ओरखड्याची खोल जखम व्हायला एक रात्र पुरते.

डोळ्यात गवताचं कुसळ किंवा काहीतरी गेलं तर?

सैल असेल तर सलाइनच्या धारेने निघेल. रुतलेलं असेल तर चिमट्याने, बोटाने काढायला जाऊ नका. कुसळ तिसऱ्या पापणीच्या, म्हणजे आतल्या कोपऱ्यातल्या पातळ पडद्याच्या, मागेही लपतं, तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. फिरून आल्यावर एकच डोळा अचानक मिटायला लागला की हीच शंका आधी घ्यावी.

चुना, सिमेंट, फिनेल, कपड्यांचा साबण असं काही गेलं तर गाडी काढायच्या आधी धुवायला लागा. सलाइन शोधत बसू नका, नळाचं स्वच्छ कोमट पाणी चालेल. पंधरा-वीस मिनिटं सतत धुवा, मग निघा आणि डब्याचं लेबल सोबत घ्या.

चिकट, दोरीसारखी चिपडं पुसली तरी परत येतात. का?

डोळा कोरडा पडत असावा. ऐकायला उलटं वाटतं, पण अश्रूंचं पाणी कमी झालं की उरतो तो चिकट श्लेष्मा, आणि बुबुळाची चमक जाते. बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर उलटलेली असते. कॉकर, शिह त्झू, पग, ल्हासा अशा जातींत हे बरंच आढळतं. तपासणी सोपी आहे: खालच्या पापणीत कागदाची पट्टी एक मिनिट ठेवतात. १५ मिलिमीटर किंवा जास्त ओली झाली तर ठीक, १० च्या खाली आली तर डोळा कोरडा असण्याची शक्यता मोठी. सायक्लोस्पोरिनच्या औषधाने बऱ्याच कुत्र्यांना आराम पडतो, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि औषध सहसा आयुष्यभर चालतं. प्रत्येक वेळी औषध घालण्याआधी चिपडं पुसून घ्या, नाहीतर ते डोळ्यापर्यंत पोचतच नाही.

डॉक्टरांनी थेंब आणि मलम दिलंय. कसं घालू?

कुत्र्याला बाजूला बसवा, हनुवटी थोडी वर करा, बाटलीचा हात डोक्यावर मागच्या बाजूने टेकवा. म्हणजे त्याने मान हलवली तर बाटलीही सोबत हलते आणि टोक डोळ्यात घुसत नाही. वरची पापणी अंगठ्याने किंचित उचला, थेंब सोडा, टोक कशालाही लागू देऊ नका. दोन औषधं असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या. आधी थेंब, मग मलम. डोळा चांगला दिसायला लागला म्हणून स्वतःच औषध थांबवू नका.

आतल्या कोपऱ्यात लाल गाठ आली आहे.

बहुधा 'चेरी आय'. तिसऱ्या पापणीची ग्रंथी जागेवरून सरकून बाहेर येते. बीगल, कॉकर, बुलडॉग यांच्या लहान वयात जास्त दिसतं. ती ग्रंथी अश्रूंचा मोठा वाटा तयार करते, म्हणून कापून टाकण्याऐवजी शस्त्रक्रियेने परत जागेवर बसवतात. तोवर सलाइनने ओली ठेवा.

डोळ्याखाली सूज आहे, डोळा मात्र ठीक दिसतो.

दात बघा. वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेची मुळं डोळ्याच्या बरोबर खाली येतात. तिथे पू झाला की सूज गालावर दिसते, कधी फुटून वाहतेही. बाहेरून कितीही साफ केलं तरी ती परत येते, कारण मूळ दातात असतं.

पिल्लाचे डोळे कधीपासून साफ करायचे?

पिल्लांचे डोळे साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात. त्याआधी बोटाने उघडू नका. पण बंद पापणीमागे फुगवटा दिसला किंवा पू झिरपत असेल तर लगेच दाखवा. मोठ्या पिल्लाला, त्यातही लसी पूर्ण न झालेल्या, डोळ्यांतून आणि नाकातून दाट स्राव, खोकला, ताप असं एकत्र दिसलं तर तो डिस्टेंपर हा विषाणूंमुळे होणारा संसर्गजन्य आजार असू शकतो. त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवा आणि दवाखान्यात आधी फोन करून मग न्या.

म्हाताऱ्या कुत्र्याचे डोळे निळसर दिसतात. हा मोतीबिंदू का?

असेलच असं नाही. सहा-सात वर्षांनंतर डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं आणि बाहुली निळसर-राखाडी दिसते. त्यात नजर बहुतेक शाबूत राहते. मोतीबिंदूत पांढरेपणा येतो आणि दिसणं कमी होतं. दोन्हींतला फरक घरी नक्की करता येत नाही, एकदा तपासून घ्या. या वयात चेहऱ्याला हात लावण्याआधी नावाने हाक मारा. ऐकू कमी येत असेल तर आधी खांद्याला स्पर्श करा.

कुत्र्याच्या डोळ्यांतून आपल्याला लागण होते का?

बहुतेक दुखण्यांत नाही. तरी सफाईआधी आणि नंतर हात धुवा, वापरलेले पॅड झाकणाच्या डब्यात टाका. घरात दोन कुत्री असतील तर प्रत्येकाचा कपडा वेगळा ठेवा, आणि ज्याचा डोळा दुखतोय त्याला शेवटी पुसा.